हेवीवेट बॉक्सिंग : उसिकनंतर कोण? तिकीट कोणाचं काढू? (मदत हवी आहे)

मंडळी, टायसनच्या काळापासून हेवीवेट लढती जमेल तशा बघतोय. क्लिच्को बंधूंच्या राज्यात कंटाळून सोडलं होतं, युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने परत ओढून आणलं. मे 2024 मध्ये रियाधला त्याने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवलं आणि लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदा हेवीवेटला एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. पण गडी 1987 चा आहे. आता किती वर्षं खेळणार?

मुलगा लंडनला असतो. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जातोय तेव्हा एक लढत प्रत्यक्ष बघायचीच, असं दोघांनी ठरवलंय. (सौ. येणार नाहीत, त्यांनी आधीच सांगून टाकलंय.) मुलगा म्हणतो मोझेस इटाउमा. जन्म डिसेंबर 2004, स्लोव्हाकियातला, वाढला केंटमधल्या चॅटममध्ये. डावखुरा. ऑगस्ट 2025 मध्ये डिलियन व्हाइटला त्याने दोन मिनिटांच्या आत संपवलं. तो तुकडा मी पुन्हा पुन्हा बघतोय. उजवा हूक (कोपर वाकवून मारलेला आडवा ठोसा) कानशिलावर बसतो आणि तिथेच व्हाइटचे पाय जातात. पडल्यावर उठतो बिचारा, पण तोल सावरत नाही, पंच लढत थांबवतात.

माझी शंका अशी, की व्हाइट तेव्हा 37 वर्षांचा होता. अमेरिकेच्या जॅरेड अँडरसनबद्दलही असंच ऐकलं होतं, 17 लढती, 17 विजय. मग ऑगस्ट 2024 मध्ये लॉस एंजेलिसला मार्टिन बाकोलेने पाचव्या फेरीत त्याचा निकाल लावला. खरा माल आणि नुसता गाजावाजा यातला फरक आधीच कसा ओळखायचा? जाणकारांनी सांगावं.

उजवा_क्रॉस :
काका, विजयांचा आकडा बघूच नका. व्हाइटच्या लढतीपर्यंत इटाउमाच्या 13 पैकी 11 लढती नॉकआउटने संपल्या, ठीक आहे, पण हेवीवेटमध्ये एक ठोसा नीट बसला की कोणीही पडतो. मी दोन गोष्टी बघतो. मार खाल्ल्यावर गडी काय करतो, आणि सातव्या-आठव्या फेरीत त्याचे हात कुठे असतात, हनुवटीजवळ की कमरेजवळ.

अँडरसनची लक्षणं आधीच दिसली होती. 2023 मध्ये चार्ल्स मार्टिनने त्याला चांगलंच हलवलं होतं आणि ती लढत पूर्ण 10 फेऱ्या चालली. लोकांनी विजय मोजला, ते हलणं कोणी मोजलं नाही. आणि बाकोलेचं तरी पुढे काय झालं? फेब्रुवारी 2025 मध्ये ऐन वेळी बोलावणं आलं म्हणून माजी जगज्जेत्या जोसेफ पार्करसमोर उभा राहिला आणि दुसऱ्या फेरीत गेला. एका लढतीवरून भविष्य सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इटाउमात दम आहे असं माझं मत. पाय हलके, हातांचा वेग मधल्या वजनगटातला. पण त्याला खोल पाण्यात, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत, अजून कोणी नेलेलं नाही, त्यामुळे जगज्जेता वगैरे म्हणायला मी तयार नाही.

उलटं उदाहरण इंग्लंडच्या फॅबियो वॉर्डलीचं. हौशी बॉक्सिंगचा पाया जवळजवळ शून्य, ऑफिसातले लोक गंमत म्हणून खेळतात त्या लढतींतून आलेला माणूस. जून 2025 मध्ये इप्सविचला, त्याच्या घरच्या मैदानावर, जस्टिस ह्युनीविरुद्ध गुणांवर सपाटून मागे होता आणि दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने खेळ संपवला. ऑक्टोबरमध्ये पार्करला अकराव्या फेरीत थांबवलं. पुढे उसिकने सोडलेला डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्याकडेच गेला. तंत्र बघून डोळे मिटावेसे वाटतात, पण मार खाऊन उभा राहतो. तिशीतला असल्यामुळे त्याला उगवता म्हणवत नाही, एवढंच.

फौजी_पुणे :
बाखोदिर जालोलोव विसरलात का? टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत आपला सतीशकुमार 13 टाके घेऊन ज्याच्यासमोर उतरला, तोच हा उझबेक. 0-5 हरला आपला गडी, पण मागे हटला नाही. जालोलोवने तिथे आणि पॅरिसला, दोन्हीकडे सुवर्ण घेतलं. उंची दोन मीटर, तोही डावखुरा. व्यावसायिक लढती मात्र फार विरळ खेळतो, आणि जन्म 1994 चा. लंडनला दिसेल या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता :
मार्टिनची लढत आज रात्रीच बघतो. सतीशकुमारची पाहिली होती, भुवईवरची पट्टी आठवते. पण तिकिटाचं काय?

थेम्सकाठचा_कोल्हापूरकर :
काका, वेम्बलीच्या मोठ्या स्टेडियमच्या नादी लागू नका. सप्टेंबर 2024 मध्ये डॅनियल ड्युबॉने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं तेव्हा तिथे 96,000 माणसं होती. वरच्या रांगेतून तुम्ही मोठा पडदाच बघणार, मग घरचा टीव्ही काय वाईट?

लंडनचं ओ2 हे बंदिस्त सभागृह चालेल, पण संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या आत जा. उद्याचे हेवीवेट तिथे पहिल्या तासात, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळतात. त्याहून बरं, बेथनल ग्रीनचा यॉर्क हॉल. भुयारी रेल्वेच्या स्टेशनवरून चालत जाता येतं, हजार-बाराशे माणसांची जागा. ठोशाचा आवाज ऐकू येतो आणि कोपऱ्यातला प्रशिक्षक पोराला काय शिव्या घालतोय तेही.

आणि एक, मोठ्या लढती दुखापतीमुळे सर्रास पुढे ढकलल्या जातात. एकाच तारखेवर विमानाचं तिकीट बांधू नका. इटाउमाची तारीख तुमच्या मुक्कामात पडली तर ती घ्या, नाहीतर यॉर्क हॉल. मुलाला हॉलचं वेळापत्रक आत्ताच बघून ठेवायला सांगा.