कॅप्सूल आणि ताटातली भाजी

कांद्यातील क्वेर्सेटिन हा घटक मास्ट पेशींतून (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींतून) हिस्टामिन हे ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणारे रसायन बाहेर पडणे कमी करतो, तेव्हा दमा असलेल्यांनी त्याच्या गोळ्या सुरू कराव्यात, असा एक सल्ला दिला जातो. पहिला भाग प्रयोगशाळेतील पेशींपुरता खरा आहे. दुसरा मला पटत नाही, कारण वनस्पतीतून वेगळा काढलेला घटक माणसांवर तपासला की पुष्कळदा निराशा पदरी येते. अमेरिकेत दमा आटोक्यात नसलेल्या ३८६ जणांवर सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन या वनस्पतिजन्य संयुगांची २४ आठवडे चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फुफ्फुसांच्या कार्यात सुधारणा आढळली नाही.

याहून बोलका प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यात १३७ प्रौढ दमेकऱ्यांपैकी एका गटाला रोज भरपूर भाज्या आणि फळे दिली, तर दुसऱ्या गटाच्या आहारात ती मोजकीच ठेवली. पुढे या दुसऱ्या गटात दमा बळावण्याचा धोका सुमारे सव्वादोन पट आढळला, आणि त्याच गटातील काहींना लायकोपीन हे लाल रंगद्रव्य असलेला टोमॅटोचा अर्क देऊनही तो फरक भरून निघाला नाही. भाजीत चोथाही असतो, आणि आतड्यातील जिवाणू तो आंबवून जी लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात, त्यांनी उंदरांमध्ये श्वासनलिकेची ॲलर्जीजन्य सूज कमी केल्याचे दिसले आहे. गोळीत हा भाग येतच नाही. म्हणून गोळ्यांचा खर्च पालेभाजीवर करावा, मात्र डॉक्टरांनी दिलेला इनहेलर स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.