वाय-डीएनए चाचणी आणि 'केल्टिक' मूळ : निकालाचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या सासरचे घराणे कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातले आहे. पतींचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या हायलँड्समधून जहाजाने तेथे आले, एवढे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. आडनाव 'मॅक'ने सुरू होते. ते पूर्ण येथे देत नाही. त्याही मागचा इतिहास माझे सासरे मोठ्या अभिमानाने सांगत असत. आपला मूळपुरुष आयर्लंडातला, तोही 'नऊ ओलिसांचा नायल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजाच्या वंशातला, आणि म्हणून आपण अस्सल केल्ट, असे त्यांचे म्हणणे होते. कागदपत्रांच्या आधारे मात्र आम्ही १८१० च्या आसपासच्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी येऊन थांबलो आहोत.

सासरे गेल्यानंतर माझ्या पतींनी ३७ मार्करांची (गुणसूत्रावरील ठरावीक ३७ जागा तपासणारी) वाय-डीएनए चाचणी करून घेतली. निकालात 'आर-एम२६९' असा हॅप्लोग्रुप, म्हणजे पितृवंशाची शाखा, आला आहे. १२ मार्करांच्या पातळीवर शेकडो माणसे जुळतात आणि त्यांची आडनावे भलतीच वेगवेगळी आहेत. ३७ च्या पातळीवर फक्त पाच उरतात. त्यांतील दोघांचे आडनाव आमचेच आहे, तर एकाने आपला सर्वांत जुना ज्ञात पूर्वज आयर्लंडातील डोनेगलचा असल्याचे लिहिले आहे. यावरून घराणे केल्टिक असल्याचे सिद्ध झाले असे म्हणता येईल का? नायल राजाशी संबंध जोडता येईल का? आणि माझ्या मुलीला या शोधात स्वतःची चाचणी करून काही हातभार लावता येईल का?

प्रतिसाद १

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो. वाय गुणसूत्र वडिलांकडून फक्त मुलाकडे जाते, त्यामुळे आपल्या मुलीची वाय चाचणी होऊच शकत नाही. तिने ऑटोसोमल (आई-वडील दोघांकडून येणाऱ्या गुणसूत्रांची) चाचणी केली तर दोन्ही बाजूंचे नातेवाईक सापडतील, परंतु त्या चाचणीची भरवशाची पोच साधारण पाच-सहा पिढ्यांची असते आणि आपला अडथळा नेमका तेथेच आहे.

आता मुख्य मुद्दा. आर-एम२६९ ही पश्चिम युरोपातील पुरुषांमधली सर्वांत मोठी शाखा आहे. आयर्लंडात ८० टक्क्यांहून अधिक पुरुष तिच्यात मोडतात, पण स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील बास्क पुरुषांमध्येही तिचे प्रमाण तितकेच मोठे आहे, आणि बास्क भाषा केल्टिक तर नाहीच, ती इंडो-युरोपीय कुळातलीसुद्धा नाही. त्यामुळे आपल्या पतींचा आजचा निकाल इतकेच सांगतो की त्यांचा पितृवंश बहुधा पश्चिम युरोपातला आहे, आणि हे तर आपल्याला चाचणीपूर्वीही माहीत होते.

शिवाय हा हॅप्लोग्रुप प्रत्यक्ष तपासलेला नाही, अंदाजाने ठरवलेला आहे. ३७ मार्करांच्या चाचणीत एसटीआर, म्हणजे गुणसूत्रावर एकाच छोट्या तुकड्याची किती वेळा पुनरावृत्ती झाली आहे, ते मोजतात. हे आकडे पिढ्यांच्या ओघात कमी-जास्त होतात आणि दोन दूरच्या शाखांतील आकडे योगायोगाने पुन्हा सारखेही होतात. १२ मार्करांवर जुळलेल्या शेकडो माणसांशी आपला सामाईक पूर्वज हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो, म्हणून ती यादी सरळ बाजूला ठेवावी. ३७ वर जुळलेले पाच जण मात्र कामाचे आहेत, विशेषतः समान आडनावाचे दोघे. त्यांच्याशी आपले किती मार्करांचे अंतर आहे ते पाहा. अंतर एक-दोनचे असेल तर आडनाव रूढ झाल्यानंतरच्या काळातला सामाईक पूर्वज संभवतो. चारपर्यंत गेले तर तो आडनावापूर्वीचाही असू शकतो.

नायल राजाविषयी सांगायचे तर २००६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी असे दाखवले की, वायव्य आयर्लंडातील दर पाच पुरुषांपैकी सुमारे एकाच्या वाय गुणसूत्राची ठेवण एकसारखी असून गॅलाहर, डॉहर्टी, ओ'डॉनेल यांसारख्या आडनावांत ती विशेष आढळते. ही आडनावे नायलपासून आपला वंश सांगणाऱ्या ई नेल राजघराण्याशी परंपरेने जोडलेली असल्याने नायलचे नाव पुढे आले आणि वृत्तपत्रांनी तेच उचलून धरले. ती शाखा आज आर-एम२२२ या नावाने ओळखतात. परंतु नायल पाचव्या शतकातला मानला जातो, आणि पुढच्या अधिक तपशीलवार चाचण्यांतून एम२२२ हे उत्परिवर्तन त्याच्याहून काही शतके जुने असल्याचे दिसू लागले. तेव्हा एम२२२ असणारा प्रत्येक जण नायलचा वंशज ठरत नाही. त्यातच ही शाखा दक्षिण स्कॉटलंडातही बऱ्यापैकी आढळते, त्यामुळे डोनेगलचा एक जुळणारा माणूस आपल्या पूर्वजांच्या प्रवासाची दिशा ठरवू शकत नाही. १६०९ नंतर अल्स्टरमध्ये, म्हणजे डोनेगल ज्यात मोडते त्या आयर्लंडाच्या उत्तरेकडील प्रांतात, स्कॉटिश लोकांच्या मोठ्या वसाहती झाल्या होत्या आणि त्या गृहस्थांचा पूर्वजच कदाचित स्कॉटलंडातून तिकडे गेला असेल.

माझा सल्ला असा की मार्करांची संख्या वाढवत बसण्याऐवजी एकदाच 'बिग वाय'सारखी सखोल एसएनपी चाचणी करावी. एसएनपी म्हणजे गुणसूत्रावरील एका अक्षरात झालेला बदल. तो बहुधा एकदाच घडतो आणि पुढच्या सर्व मुलग्यांत उतरतो, म्हणून त्याच्या आधारे शाखा-उपशाखांचा वृक्ष बांधता येतो.

प्रतिसाद २

वरील तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण 'केल्टिक' या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. ग्रीक लेखकांनी 'केल्टॉय' हे नाव युरोप खंडातील लोकांसाठी वापरले होते; आयर्लंड आणि ब्रिटनच्या रहिवाशांना प्राचीन काळी कोणी त्या नावाने ओळखत नसे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या भाषांना केल्टिक म्हणण्याची रीत एडवर्ड लॉइड या वेल्श विद्वानाने १७०७ साली या भाषांचे परस्परसंबंध प्रसिद्ध केल्यानंतर रुजली. म्हणजे आपण ज्याला केल्टिक म्हणतो ती मुळात भाषांची एक शाखा आहे, आणि भाषा गुणसूत्रावर कोरलेली नसते.

याचे फार बोलके उदाहरण उत्तर आयर्लंडातील रॅथलिन बेटावर सापडले. तेथे पुरलेल्या, सुमारे ४,००० ते ३,५०० वर्षांपूर्वीच्या कांस्ययुगीन तीन पुरुषांच्या अस्थींमधून डीएनए काढला असता तिघांचाही पितृवंश आर-एम२६९ च्याच आर-एल२१ या पोटशाखेतला निघाला. आज आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडचे हायलँड्स आणि ब्रिटनी येथे विपुल असलेली, आणि म्हणून अनेक संकेतस्थळांवर सर्रास 'केल्टिक मार्कर' म्हणून मिरवली जाणारी, हीच ती शाखा. परंतु ती तेथे पोहोचली तेव्हा तिचे लोक कोणती भाषा बोलत होते हे अस्थी सांगत नाहीत. उलट २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या एका मोठ्या अभ्यासात इ.स.पू. १००० ते ८७५ या काळात युरोप खंडातून दक्षिण ब्रिटनमध्ये लोकांचा मोठा ओघ आल्याचे दिसले, आणि केल्टिक भाषा याच लोकांबरोबर आली असावी अशी शक्यता त्या संशोधकांनी मांडली. ती खरी असेल तर 'केल्टिक' शाखा आधी आली आणि केल्टिक भाषा हजारभर वर्षांनी, असे होईल.

आधुनिक लोकसंख्येतही हेच चित्र दिसते. २०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या ब्रिटिश बेटांच्या अभ्यासात वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचा मिळून एक 'केल्टिक' जनुकीय गट मुळीच तयार झाला नाही. कॉर्निश लोक तर वेल्शांपेक्षा इंग्लंडातील इतर गटांना अधिक जवळचे निघाले.

आपल्या सासऱ्यांच्या आख्यायिकेला समांतर असे एक प्रसिद्ध घराणेही आहे. क्लॅन (कुळ) डोनाल्डचा मूळपुरुष सॉमरलेड ११६४ साली लढाईत पडला. परंपरागत वंशावळ त्याला आयरिश राजवंशाशी जोडते. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी या घराण्याच्या प्रमुखांचे नमुने तपासले तेव्हा त्यांचा पितृवंश आर१ए निघाला, म्हणजे नॉर्स (स्कँडिनेव्हियन) लोकांमध्ये आढळणारा. सॉमरलेड हे नावही नॉर्सच आहे. आता गेलिक भाषा, गेलिक कविता आणि गेलिक राजकारण यांचा शतकानुशतके आधारस्तंभ असलेल्या या घराण्याला केल्टिक नाही म्हणण्याचे धाडस कोण करील?

प्रतिसाद ३

मी वेल्श आणि स्कॉटिश कुटुंबांच्या वंशावळींवर हौसेने काम करते. वरील दोघांनीही डीएनएवर भर दिला आहे. मला आडनावाविषयी लिहावेसे वाटते, कारण वाय चाचणीची खरी उपयुक्तता आडनावाशी सांगड घातल्यावरच कळते.

आयर्लंडात वंशपरंपरागत आडनावे दहाव्या-अकराव्या शतकापासून रुजू लागली. वेल्समध्ये मात्र 'अमक्याचा मुलगा' अशी प्रत्येक पिढीत बदलणारी पद्धत अठराव्या शतकापर्यंत काही भागांत टिकून होती, त्यामुळे एकाच पितृवंशातले लोक आज जोन्स, एव्हान्स आणि प्राइस असू शकतात. हायलँड्सची तऱ्हा आणखी वेगळी होती. तेथे क्लॅनच्या प्रमुखाचे आडनाव त्याच्या जमिनीवर राहणारी, रक्ताचे नाते नसलेली माणसेही लावत, आणि उलट दिशेनेही बदल घडत. मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावर १६०३ साली बंदी आली, मध्यंतरी ती उठून पुन्हा लादली गेली आणि कायमची उठायला १७७४ साल उजाडले. या काळात अनेक कुटुंबांनी दुसरी आडनावे घेतली आणि काहींनी तीच पुढे चालू ठेवली. म्हणून जुळणाऱ्या पाचांपैकी तिघांची आडनावे निराळी आहेत याचे आश्चर्य मानू नये, आणि त्यांना यादीतून काढूनही टाकू नये.

याखेरीज दत्तक, सावत्र वडिलांचे आडनाव किंवा विवाहबाह्य संबंध यांमुळेही पितृवंश आणि आडनाव यांची फारकत होते. दर पिढीत हे प्रमाण एक टक्का धरले, तरी वीस पिढ्यांत अशी एखादी घटना घडलेली असण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या घरात जाते. पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजाशी नाते सांगणाऱ्या वंशावळींकडे मी त्यामुळे कौतुकाने पाहते, पुरावा म्हणून नव्हे.

बिग वायच्या सल्ल्याशी मी पूर्णतः सहमत नाही. ती चाचणी महाग आहे आणि जुळणारे इतर लोक त्या पातळीवर तपासलेले नसतील तर वृक्षावर आपण एकटेच एका फांदीवर बसून राहतो. त्याआधी आपल्या आडनावाच्या प्रकल्पात सामील व्हा. बहुतेक मोठ्या स्कॉटिश आडनावांचे असे स्वयंसेवी गट आहेत आणि त्यांचे प्रशासक ३७ मार्करांच्या आकड्यांवरूनही संभाव्य पोटशाखा बरीच अचूक ओळखतात. कागदपत्रांच्या बाबतीत स्कॉटलंडात जन्म-मृत्यू-विवाहाची सक्तीची नोंदणी १८५५ साली सुरू झाली. आपले कुटुंब त्याआधीच निघून गेले असल्याने तिचा थेट उपयोग नाही, पण त्यापूर्वीच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या हद्दीच्या) नोंदी स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर शोधता येतात. हायलँड्समधल्या या नोंदींत मोठ्या फटी आहेत, तेव्हा धीर ठेवावा लागेल.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आडनावाच्या प्रकल्पात पतींचे नाव नोंदवले. तेथील प्रशासकांच्या मते आकड्यांची ठेवण एम२२२ ची नसून आर-एल१०६५ या, मुख्यतः स्कॉटलंडात आढळणाऱ्या, एल२१ च्या उपशाखेशी मिळतीजुळती आहे, आणि ती एकच एसएनपी स्वतंत्रपणे तपासून घेणे स्वस्तात होईल. म्हणजे नायल राजा बहुधा गेला. समान आडनावाच्या दोघांपैकी एकाशी एका मार्करचे आणि दुसऱ्याशी चारचे अंतर आहे. पहिल्याचे पूर्वज स्कॉटलंडाच्या पश्चिमेकडील स्काय बेटावरचे असल्याचे त्याने कळवले आहे. आयर्लंडाची आख्यायिका यामुळे पूर्णपणे खोटी ठरते का?

प्रतिसाद १

नाही, पूर्णपणे खोटी ठरत नाही. स्कॉटलंडाचा पश्चिम किनारा आणि आयर्लंडाचा ईशान्य कोपरा यांच्यामधली खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम २० किलोमीटरची आहे, आणि सहाव्या-सातव्या शतकात डाल रिआडा हे गेलिक राज्य तिच्या दोन्ही तीरांवर पसरलेले होते. एल१०६५ चा संबंध काही अभ्यासक याच राज्याशी जोडतात. तेव्हा फार मागे आयर्लंड असू शकेल, पण आपल्या हातातल्या पुराव्याने ते दाखवता येणार नाही.

एका मार्करचे अंतर असलेले स्कायचे गृहस्थ ही आपली सर्वांत मोलाची जुळणी आहे. त्यांची वंशावळ मागवून घ्या आणि स्कायच्या पॅरिशच्या नोंदींत १७७० ते १८०० या काळातले बाप्तिस्मे मिळतात का ते पाहा. दुसरे असे की, १८१० च्या नोंदीतल्या पूर्वजाच्या दुसऱ्या मुलापासून आलेला एखादा चुलत दीर किंवा चुलत सासरे शोधून त्यांचीही ३७ मार्करांची चाचणी करावी. दोघांचे निकाल जुळले तर त्या पूर्वजापर्यंतचा पितृवंश अखंड असल्याचे कळेल आणि स्कायच्या जुळणीवर विसंबून पुढे जाता येईल. नमुना घेण्यापूर्वी मात्र, निकाल न जुळण्याचीही शक्यता आहे आणि तसे झाल्यास ते कोणाकोणाला सांगायचे, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.