आजोबांची .22 रायफल: मर्यादित खर्चात दुरुस्ती कशी करावी?

गुहागरचा बागायतदार
नमस्कार. आजोबांची ब्रनो मॉडेल 2 ही .22 बोल्ट रायफल वडिलांकडून माझ्याकडे आली असून तिची रीतसर नोंद माझ्या परवान्यावर आहे. अनेक पावसाळे ती चामड्याच्या म्यानात, कपाटात पडून होती. आता दहा काडतुसांपैकी दोन-तीन उडत नाहीत, रिकामी पुंगळी मधूनच नळीत अडकून बसते आणि दस्त्याचे लाकूड फुगून एका बाजूने नळीला टेकते. लहानपणी आजोबा मला पडवीत बसवून हीच रायफल पुसायला देत, त्यामुळे ती विकून नवी घ्यावी हे मनाला पटत नाही. हाताशी पंधरा हजार रुपये आहेत. त्यात दुर्बीण आणि नवा दस्ता घ्यावा काय? वापर केवळ रेंजवर, 50 मीटरच्या नेमबाजीसाठी आहे.

देवगडकर
दुर्बीण तूर्त राहू द्यावी. .22 च्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिन, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारी बारीक सळई, ती कड नळीच्या मागच्या तोंडावर चेपते, तेव्हाच बार होतो. बोल्टमध्ये, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, जुने तेल घट्ट झाले असेल किंवा पिनचे टोक झिजले असेल, तर ठोका कमी पडतो. शिवाय काडतूस न भरता वारंवार चाप ओढला गेला असेल, तर पिन थेट नळीच्या काठावर आदळून तेथे बारीक कंगोरा उठण्याची शक्यता असते आणि पुंगळी नेमकी त्यातच अडकते. म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकेल. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, रॉकेलने धुऊन कोरडा करावा आणि बंदुकीच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. आपल्याकडे कोयत्यापासून कडीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावण्याची सवय आहे, पण येथे ते कटाक्षाने टाळावे, कारण ते थंडीत थिजते आणि कालांतराने चिकट होते. नळी साफ करताना सळई नेहमी बोल्टच्या बाजूने घालावी. पुढच्या तोंडाची कड घासली गेली तर नेम कायमचा बिघडतो. काठावर कंगोरा दिसलाच तर त्याला कानस मात्र लावू नये.

रत्नागिरीहून
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. कंगोरा आणि एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) यांचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीकाराकडेच द्यावे. शस्त्र अधिनियम 1959 नुसार व्यवसाय म्हणून शस्त्रदुरुस्ती करण्यास परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल मुळीच नेऊ नये.

नवा दस्ता घेण्याची गरज मला दिसत नाही. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहावी, अडेल तेथे खूण करावी आणि लाकूड उन्हाळ्यात पूर्ण वाळल्यावर तेवढीच जागा पॉलिश पेपरने हलके घासावी. नंतर आतल्या उघड्या लाकडासह सर्वत्र जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन, द्यावेत. चामड्याचे म्यान मात्र आजच बाजूला करावे. खाऱ्या हवेतील दमटपणा ते शोषून घेते आणि लोखंडाला चिकटून राहते. आमच्या घरची एक चांगली नळी अशीच गेली, त्याचे दुःख अजून आहे.

गुहागरचा बागायतदार
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोल्ट उघडला तेव्हा आत डिंकासारखा थर निघाला. तो धुतल्यानंतर काल रेंजवर वीसपैकी वीस काडतुसे उडाली, परंतु दोन पुंगळ्या अडकल्याच. भिंगातून पाहिल्यावर नळीच्या काठावर पिनची खूण स्पष्ट दिसली, म्हणून आता दुरुस्तीकाराची वेळ घेतली आहे. दस्त्याचे काम मे महिन्यात करीन.