मदत हवी आहे: केरॅटिन करण्याआधी बाटलीवर काय तपासायचं?

मैत्रिणींनो, केस वेव्ही आहेत आणि पावसाळी हवेत फार पिंजारतात. दिवाळीआधी केरॅटिन, म्हणजे केस मऊ आणि सुळसुळीत करायची पार्लरमधली ट्रीटमेंट, करायचं म्हणतेय. अगदी सरळ नकोत, वळण राहिलं तर उलट आवडेल. तेल, कोरफड, सीरम, पार्लरचा हेअर स्पा सगळं करून झालं. पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतं.

खरी काळजी रसायनांची आहे, कारण मला दमा आहे. अशा ट्रीटमेंटमध्ये असू शकणारं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे डोळे-घसा चुरचुरवणारा वायू, नकोच. मिथिलीन ग्लायकॉल म्हणजे त्याचंच पाण्यातलं रूप, तेही नको. पण पार्लरमध्ये ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून दाखवलेल्या बाटलीवर ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. गरम इस्त्री फिरवली की त्यातूनही फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. शिवाय ते असलेल्या ट्रीटमेंटनंतर काहींच्या किडनीला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत आलंय. हे वाचल्यापासून पाऊल अडलंय. पार्लरवाल्या ताई म्हणतात, काही होत नाही, पण तेवढ्यावर मी तयार नाही.

मी पुण्यात राहते, घरी बोअरचं जड पाणी येतं. केसांना काळी मेंदी लावते. बजेट साधारण 5 हजार. नंतर सल्फेट नसलेला शाम्पू वापरायची तयारी आहे. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमचा अनुभवही हवा आहे.

ग्लायऑक्सिलिक ॲसिडही नसलेली ट्रीटमेंट कुणी केली आहे का? बाटलीवरच्या यादीत काय काय होतं, करताना डोळे किंवा घसा चुरचुरला का, आणि मेंदीच्या केसांवर ती बसली का?