‘सामाजिक संस्था’ म्हणजे नेमके काय? ‘संस्था’, ‘समस्या’ आणि ‘प्रश्न’ यांविषयी शब्दचर्चा

मूळ प्रश्न

समाजशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेसाठी मी एक प्रकरण लिहीत आहे. त्याला मी ‘आधुनिक समाजातील सामाजिक समस्या आणि सामाजिक संस्था’ असे शीर्षक दिले होते. कच्चा मजकूर मी एका परिचितांना वाचायला दिला. त्यांचा या विषयाशी संबंध नाही, पण मराठीचे वाचन दांडगे आहे. त्यांनी मजकूर परत करताना विचारले, की समस्या कळल्या, परंतु त्या सोडवणाऱ्या संस्थांची नावे आणि पत्ते का दिले नाहीत? उत्तरार्धात मी कुटुंब, विवाह, धर्म आणि राज्य यांविषयी लिहिले होते. त्यांची समजूत चुकली असे म्हणून मला हात झटकता आले असते. पण विचार करताना जाणवले, की चूक त्यांची नाही, शब्दाचीच आहे. रोजच्या मराठीत ‘सामाजिक संस्था’ म्हणजे समाजकार्य करणारी मंडळी, आणि पाठ्यपुस्तकात ‘सामाजिक संस्था’ म्हणजे कुटुंब वा विवाह. हे दोन अर्थ वेगळे ठेवण्याची काही सोय मराठीत आहे का? शिवाय ‘सामाजिक समस्या’ आणि ‘सामाजिक प्रश्न’ यांत काही फरक करावा का, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या वाचकांची शंका रास्त आहे. शास्त्रातही हा घोळ जुनाच आहे आणि तो निस्तरण्यासाठी समाजशास्त्रज्ञ मॅकआयव्हर यांनी एक सोपी खूण सांगितली होती: मंडळाचे (म्हणजे संघटनेचे) आपण सभासद असतो, संस्थेचे नसतो. म्हणजे कुटुंबाचा सदस्य होता येते, परंतु कुटुंबसंस्थेचा सदस्य होता येत नाही, कारण कुटुंबसंस्था ही माणसांची जमवाजमव नसून माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याची रुळलेली, बहुतेकांनी मान्य केलेली रीत आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यांनी तर 1901 मध्ये समाजशास्त्राची व्याख्याच संस्थांचे, म्हणजे त्यांच्या उत्पत्तीचे आणि कार्याचे, शास्त्र अशी केली. तेथे त्यांच्या मनात कोणतेही कार्यालय किंवा कार्यकारिणी नव्हती.

मराठीपुरती मला याहून सोपी वाटणारी खूण क्रियापदांची आहे. पहिल्या अर्थाची संस्था लोक काढतात, नोंदवतात, चालवतात. तिच्यात फूट पडते, तिच्यावर प्रशासक येतो, ती बरखास्त होते, आणि सहकारी असेल तर अवसायनात निघते. दुसऱ्या अर्थाची संस्था कोणीही काढत नाही. ती रुजते, टिकते, खिळखिळी होते, मोडकळीस येते. ‘विवाहसंस्था मोडकळीस आली आहे’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकतो. ‘विवाहसंस्था बरखास्त झाली’ असे कोणी लिहिले तर हसू येईल. शीर्षकात क्रियापद नसते, म्हणून शीर्षकातच गोंधळ झाला. आत मजकुरात तो बहुधा झाला नसता.

शब्दाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतात ‘सम्’ उपसर्ग आणि ‘स्था’ धातू यांपासून आलेल्या या शब्दाला स्थिती आणि ठरलेली रीत हे अर्थ आहेत, तसेच समाप्ती आणि मृत्यू हेही आहेत. ‘संस्थित’ म्हणजे मृत. यज्ञविधींत सोमयागाच्या सात ‘संस्था’ सांगितल्या आहेत, त्या म्हणजे त्याचे सात ठरीव प्रकार. (एखादी संस्था अवसायनात निघाल्यावर ती मूळ अर्थाला पोहोचली असे म्हणायला हरकत नाही.) तेव्हा ‘ठरून गेलेली रीत’ हा समाजशास्त्रातला अर्थ शब्दाच्या जुन्या घडणीला जवळचा आहे आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार असलेला अर्थ नंतर येऊन बसलेला आहे.

तो कसा बसला, याचा अंदाज जुन्या नावांवरून करता येतो. एकोणिसाव्या शतकात समाजकार्यासाठी एकत्र आलेल्या लोकांनी आपल्या संघटनेला सहसा ‘संस्था’ म्हटले नाही. प्रार्थना समाज 1867 चा, पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची, सत्यशोधक समाज 1873 चा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’चे देशी नाव ‘भारत सेवक समाज’ असे झाले, म्हणजे ‘सोसायटी’ला ‘समाज’ हाच शब्द तेव्हा सहज सुचत होता. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 मध्ये काढली ती ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या नावात मात्र ‘संस्था’ हा शब्द आहे. अर्थात सगळ्यांनीच जुने शब्द सोडले असे नाही, डॉ. आंबेडकरांची 1924 ची बहिष्कृत हितकारिणी ही ‘सभा’च होती. माझा तर्क असा, की ‘समाज’ हा शब्द एकीकडे सगळ्या मानवी समूहासाठी आणि दुसरीकडे जातीसाठी (‘आमच्या समाजात असे चालत नाही’) इतका वापरला जाऊ लागला, की संघटनेच्या अर्थाने तो मोकळा उरला नाही आणि ती जागा ‘संस्थे’ने घेतली. पुढे कायद्याच्या मराठीने त्यावर शिक्काच मारला: 1860 चा ‘संस्था नोंदणी अधिनियम’ आणि 1960 चा ‘महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम’ यांत ‘सोसायटी’ म्हणजे संस्था.

सोय आहे का, असे आपण विचारले आहे. अर्धी आहे. नाम जोडून येते तेव्हा बहुतेक वेळा रीतीचा अर्थ निघतो: कुटुंबसंस्था, विवाहसंस्था, जातिसंस्था, राज्यसंस्था. विशेषण आले की संघटनेचा अर्थ निघतो: ‘धर्मसंस्था’ आणि ‘धार्मिक संस्था’ शेजारी ठेवून पाहावे. परंतु या नियमावर फार भिस्त ठेवू नये, कारण पतसंस्था, वृत्तसंस्था आणि शिक्षणसंस्था हे तिन्ही शब्द तो मोडतात. शिक्षण ही समाजाची एक रीत आहे असे म्हणायचे असेल तर ‘शिक्षणव्यवस्था’ म्हणावे लागते. ‘शिक्षणसंस्था’ म्हटले की डोळ्यांपुढे संस्थाचालक उभे राहतात.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनात एक तिसरा अर्थ राहून गेला, तो जोडतो. ‘मुलीला संस्थेत ठेवले आहे’, ‘ही संस्थेतली मुले आहेत’ या वाक्यांत ‘संस्था’ म्हणजे संघटनाही नाही आणि रीतही नाही. ती एक इमारत आहे, जिला फाटक आहे, जेवणाची घंटा आहे आणि भेटीची वेळ आहे. येथे ‘संस्था’ हा ‘घर’ या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द बनला आहे. बालकल्याणाच्या सरकारी मराठीत ‘संस्थाबाह्य’ संगोपन म्हणजे कोणत्या तरी कुटुंबात होणारे संगोपन. 2020 मध्ये करोनाच्या साथीत हाच अर्थ घरोघरी पोहोचला: ‘गृह विलगीकरण’ आणि ‘संस्थात्मक विलगीकरण’. त्या वेळी ‘संस्थात्मक’ म्हणजे काय, असे कोणी विचारले नाही. घरी राहू देणार नाहीत, एवढे सर्वांना कळले होते. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी 1961 मध्ये तुरुंग, मनोरुग्णालये, बराकी, मठ यांना मिळून ‘टोटल इन्स्टिट्यूशन’ ही जी संज्ञा दिली, तिचे मराठी ‘सर्वंकष संस्था’ असे करता येईल. तेथे झोपणे, काम करणे आणि विरंगुळा या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच अधिकाराखाली होतात. आपल्या प्रकरणात वृद्धाश्रमाचा उल्लेख असेल तर हे तिन्ही अर्थ एका परिच्छेदात येतील: कुटुंबसंस्था बदलली, म्हणून एका संस्थेने वृद्धाश्रम काढला, आणि आजोबा आता संस्थेत असतात.

तिसरा प्रतिसाद

मी फक्त दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ‘समस्या’ म्हणजे मुळात श्लोकाचा एक दिलेला तुकडा, जो दुसऱ्याने पुरा करायचा असतो. ‘समस्यापूर्ती’ या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे समस्येला नेमकी बसणारी ओळ कोठेतरी असते, हुशार माणसाला ती सापडायची असते. ‘प्रश्न’ तसा नाही. प्रश्न कोणीतरी कोणाला तरी विचारलेला असतो. म्हणूनच अहवालात आणि निबंधात ‘समस्या’ आढळते, तर मोर्च्यात ‘आमचे प्रश्न’ असतात. प्रश्न मांडतात, लावून धरतात, धसास लावतात, आणि उत्तर मिळाले नाही तर तो चिघळतो. समस्या धसास लावलेली मी कधी वाचलेली नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट षष्ठीची, म्हणजे ‘चा-ची-चे’ या प्रत्ययांची आहे. ‘भटक्या कुत्र्यांची समस्या’ असे वाचले तर त्या कुत्र्यांना काही अडचण असेल, असे कोणाच्याही मनात येत नाही. कुत्रे हीच समस्या. आता ‘वृद्धांची समस्या’ वाचून पाहावे. लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो, एकवचनामुळे वाक्य त्याच दिशेला झुकते आणि म्हातारी माणसेच समस्या होऊन बसतात. ‘वृद्धांच्या समस्या’ असे अनेकवचन केले तर झुकाव कमी होतो, आणि ‘वृद्धांचे प्रश्न’ म्हटले की ते प्रश्न वृद्धांचे होतात, म्हणजे विचारणारे ते आणि उत्तर देणारे आपण. ‘झोपडपट्टीची समस्या’, ‘स्थलांतरितांची समस्या’ ही शीर्षके याच कसोटीवर तपासावीत. ‘बेरोजगारीची समस्या’ला मात्र माझी हरकत नाही, कारण तेथे षष्ठी माणसांना लागलेली नाही. ‘बेरोजगारांची समस्या’ लिहू नये.

‘अडचण’ हा तिसरा शब्दही हाताशी असावा. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे: एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर ती त्याची व्यक्तिगत अडचण, पण 5 कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर तो सार्वजनिक प्रश्न. येथे ‘अडचण’ आणि ‘प्रश्न’ ही जोडी इतकी चपखल बसते, की ‘वैयक्तिक समस्या’ आणि ‘सामाजिक समस्या’ असे भाषांतर करून मिल्स यांचा मुद्दा घालवू नये.

चौथा प्रतिसाद

एवढा खल करण्यापेक्षा समाजशास्त्रीय अर्थासाठी ‘समाजरीत’ असा स्वतंत्र शब्द का घडवू नये?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

कारण ‘विवाहसंस्था’ रुळलेला आहे आणि ‘विवाहरीत’ म्हटले तर अक्षता आणि आंतरपाट आठवतात.

मूळ प्रश्नकर्तीचे निवेदन

सर्वांचे आभार. षष्ठीचा मुद्दा वाचल्यावर मी माझ्याच मजकुरातली वाक्ये तपासली, तेव्हा ‘एकट्या पालकांची समस्या’, ‘व्यसनी मुलांची समस्या’ अशी सात ठिकाणे सापडली. दोन ठिकाणी माझ्या मनातही खरोखर ती माणसेच समस्या होती, हे कबूल करावे लागेल. तेथे शब्द बदलून भागणार नाही, परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. शीर्षकातून ‘सामाजिक संस्था’ हा शब्दप्रयोग काढून ‘बदलते कुटुंब, विवाह आणि राज्यसंस्था : काही सामाजिक प्रश्न’ असे केले आहे. ‘संस्थात्मक’ आणि ‘सांस्थिक’ यांपैकी कोणते विशेषण घ्यावे, हे अजून ठरत नाही. 2020 नंतर ‘संस्थात्मक’ लिहिताना हात थबकतो. ‘सांस्थिक’ मात्र उच्चारायला जड वाटतो. कोणी वापरून पाहिले असल्यास कळवावे.