बार्बाडोसला शिकणाऱ्या मुलीकडे कधी आणि कसे जावे?

प्रश्न – इंदिरानगरची आई

नमस्कार. आमची एकुलती एक मुलगी गेल्या वर्षापासून वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर वैद्यकीय शिक्षण घेत आहे. आम्ही दोघे नाशिकला, इंदिरानगरात राहतो. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असल्यामुळे ती संध्याकाळी सहाला खोलीवर परतते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. म्हणून आमचे बोलणे होते ते तिच्या सकाळी, वर्गाला निघण्याच्या घाईत. तिची प्रकृती, तिचे जेवण, तिची झोप यांविषयी त्या पाचदहा मिनिटांत जे कळते तेवढ्यावर मन भरत नाही. एकदा तिच्याकडे जाऊन राहावे, अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे.

मी शाळेत शिक्षिका असल्यामुळे मला सलग सुटी मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत. यजमानांना मधुमेह असून ते रोज इन्सुलिन घेतात आणि त्यांनी साठी ओलांडली आहे. आम्ही दोघांनीही याआधी परदेश प्रवास केलेला नाही. मुलगी ‘या’ म्हणते, परंतु परीक्षेचा विषय निघाला की गप्प होते. आमच्या जाण्याने तिच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये, ही आमची मुख्य काळजी आहे. ज्यांची मुले त्या भागात शिकली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – गंगापूर रोडचे एक पालक

ताई, आमचा मुलगा बार्बाडोसलाच शिकला. आपल्या दोन सुट्यांपैकी मे महिन्याची निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिथला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो आणि दिवाळीची सुटी बहुतेक वेळा त्यातच येते. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनला, टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यानंतर आपला संघ ‘बेरिल’ वादळामुळे विमानतळ बंद पडून बेटावर अडकला होता आणि ४ जुलैला विशेष विमानाने दिल्लीत उतरला, हे आपल्याला आठवत असेल. संघासाठी विशेष विमान आले. आपल्यासारख्यांना मात्र हॉटेलचे भाडे भरत वाट पाहावी लागते. डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम असते, पण तो पर्यटकांचा मुख्य हंगाम असल्यामुळे तिकिटे आणि खोल्या दोन्ही महाग पडतात. तेव्हा सुटी लागताच निघावे आणि जूनच्या आरंभी परतावे.

भारतीय पारपत्रावर अल्प मुक्कामासाठी बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. तरीही तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर चालू नियम पाहून घ्यावा. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेल्यास केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे गेल्यास विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही आपल्या पारपत्राला सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्यातही मुंबईचे विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरते आणि बार्बाडोसचे तिथल्याच गॅटविक विमानतळावरून सुटते, असे तिकीट स्वस्त दिसले तरी घेऊ नये. सामान उचलून, इमिग्रेशन ओलांडून दुसऱ्या विमानतळावर जाणे पहिल्याच परदेश प्रवासात झेपत नाही आणि त्यासाठी व्हिसाही वेगळा लागतो. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

उत्तर – बार्बाडोसची माजी विद्यार्थिनी, सध्या नाशिक

काकू, मी आपल्या मुलीच्या बाजूने लिहिते. ती परीक्षेच्या विषयावर गप्प होते, याचा अर्थ आपण यायला नको असा मुळीच नाही. आपण इतक्या लांबून, इतका खर्च करून याल आणि तिला आपल्यासाठी वेळ देता येणार नाही, या विचाराने ती धास्तावलेली असावी. तिच्याकडून परीक्षांच्या तारखा लिहून घ्या, आपले पोहोचणे परीक्षा संपल्यावर ठेवा आणि ‘आम्ही तुझे रोजचे जगणे पाहायला येत आहोत, फिरायला नाही’ हे तिला आधीच स्पष्ट सांगा.

माझे आईबाबा आले तेव्हा आई माझ्यासाठी जेवायची थांबत असे. अभ्यासिकेत बसले असताना ती उपाशी असेल हे आठवायचे आणि वाचलेले काही डोक्यात शिरत नसे. शेवटी बाबांनीच तिला समजावले आणि दोघे वेळेवर जेवू लागले. त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. आई सकाळी थालिपिठाची भाजणी भिजवून ठेवी, मी परतले की तव्यावर पहिले थालीपीठ पडे आणि त्या अर्ध्या तासात आम्ही वर्षभराचे बोलून घेत असू. आपल्या मुलीच्या एका खोलीत तिघांनी दाटीवाटीने राहण्यापेक्षा जवळच स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

दिवसा आपण दोघांनी मुलीवर अवलंबून न राहता फिरावे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. सरकारी बस निळ्या रंगाची, पिवळ्या पट्ट्याची असते आणि खासगी मिनीबस पिवळी, निळ्या पट्ट्याची. थांब्यावरच्या पाटीवर बस शहराकडे जाते की शहराबाहेर, एवढेच लिहिलेले असते. ते पाहून उभे राहिले की चुकत नाही. पश्चिम किनाऱ्याचा समुद्र शांत असतो, मात्र पूर्वेला बाथशेबाच्या बाजूला पाण्यात उतरू नये; ती जागा पाहण्यासाठी आहे. किनाऱ्यावर मँचिनील नावाची विषारी झाडे आहेत. त्यांची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात आणि पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. फळाला हात लावू नये आणि पावसात त्या झाडाखाली उभे राहू नये, कारण पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात.

आणखी एक. देवळाली कॅम्पात मिळतात तशा लष्करी नक्षीच्या टोप्या, टी-शर्ट किंवा पिशव्या सोबत नेऊ नका. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकांना तसे कपडे वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

उत्तर – नाशिकरोडचे एक डॉक्टर

यजमानांच्या प्रकृतीबाबत लिहितो. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होण्याची शक्यता असते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तीत औषधांची मूळ नावे असावीत. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी कोणता डोस केव्हा घ्यायचा याचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अंदाजाने डोस वाढवू किंवा टाळू नये. प्रवास विमा काढताना मधुमेह न लपवता नोंदवावा, अन्यथा नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

तिथून जवळच्या त्रिनिदाद बेटावर जाण्याचा मोह अनेकांना होतो. त्रिनिदाद पीतज्वराच्या (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा ताप) प्रदेशात मोडते. तिथे राहून लसीच्या प्रमाणपत्राविना भारतात परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस साठीनंतर प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून आपण या खेपेस बार्बाडोसपुरतेच राहावे, असा माझा सल्ला आहे.

इंदिरानगरची आई

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आज दुपारी मुलीशी बोलले. परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात संपते, असे तिने आपणहून सांगितले आणि जवळपास जागा शोधण्याचेही कबूल केले. त्रिनिदादचा विचार सोडला आहे. आपल्याकडची द्राक्षे नेता येतील का, एवढेच विचारायचे राहिले.

बार्बाडोसची माजी विद्यार्थिनी, सध्या नाशिक

ताजी फळे नेऊ नका काकू, ती विमानतळावर काढून घेतली जाण्याची शक्यता फार आहे. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला बंद पाकिटांत, नावे लिहून न्या आणि कस्टमच्या अर्जात त्यांची नोंद करा. डाळ-तांदूळ तिथे मिळतात. बहुतेक अन्न आयात होत असल्याने महाग असले, तरी त्यासाठी सामानाचे वजन वाढवू नका.