गुणी रॉक बँड मोजक्या चाहत्यांपुरता का उरतो?

रसिकमन (मूळ प्रश्न)

एक्सटीसी या इंग्लिश बँडचे अल्बम सध्या मी क्रमाने ऐकतो आहे आणि त्या निमित्ताने पडलेला एक प्रश्न येथे मांडतो. १९७९ साली 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल' या गाण्याने त्यांना ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या विसांत नेले, १९८२ च्या सुरुवातीला 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' पहिल्या दहांत आले आणि त्याच वेळचा 'इंग्लिश सेटलमेंट' हा अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढच्या वर्षीचा 'ममर' मात्र पहिल्या पन्नासांतही शिरू शकला नाही, आणि तेथून पुढे हा बँड सर्वसामान्य श्रोत्यांच्या नजरेआड होत जाऊन मूठभर निष्ठावंतांचा होऊन बसला.

एका वर्षात कोणाची प्रतिभा आटत नाही, आणि नंतरचे अल्बम ऐकल्यावर ती आटली होती असे म्हणवतही नाही. १९८६ चा 'स्कायलार्किंग' तर मला आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस वाटतो. मग असे बँड मुख्य प्रवाहातून बाहेर का पडतात? दोष त्यांच्या निर्णयांचा, कंपन्यांचा की नशिबाचा? आणि जे थोडे श्रोते मागे उरतात ते इतके कडवे का असतात, हा उपप्रश्न. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. लोकांना अभिरुचीच नाही, एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही.

जुनी तबकडी (प्रतिसाद)

एक्सटीसीपुरते तरी उत्तर महिन्यासकट देता येते. मार्च १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमात गायक-गीतकार अँडी पार्ट्रिज सुरुवातीलाच मंच सोडून निघून गेला, एप्रिलमध्ये अमेरिकेचा दौरा सुरू होतो न होतो तोच रद्द करावा लागला, आणि त्यानंतर या बँडने पुन्हा कधीही दौरा केला नाही. मंचाची भीती आणि वर्षानुवर्षे घेतलेले शामक औषध एकाएकी बंद होणे, ही कारणे त्याने पुढे स्वतःच सांगितली आहेत. माणूस म्हणून तो निर्णय योग्यच होता. धंद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी बँडने आपली जाहिरातच बंद केली.

दौरा म्हणजे केवळ तिकिटांचे उत्पन्न, अशी आपली समजूत असते. त्या काळात बहुतेक बँडांचे दौरे तोट्यात जात आणि तो तोटा कंपनी सोसत असे, कारण दौऱ्याचे खरे काम अल्बम खपवणे हे होते. बँड शहरात येणार म्हटले की तेथील रेडिओला गाणे लावायला निमित्त मिळे, वर्तमानपत्राला मुलाखत मिळे, दुकानदार अल्बम दर्शनी भागात मांडे आणि कंपनीच्या विक्री प्रतिनिधीला दुकानात जाऊन बोलण्यासारखे काही असे. ही साखळी तुटली की प्रत्येक नवा अल्बम जणू पहिलाच असल्यासारखा बाजारात उतरवावा लागतो.

त्यात कंपनीचा हिशेब असा असतो की ध्वनिमुद्रणाचा खर्च, आगाऊ दिलेली रक्कम आणि बरेचदा व्हिडिओच्या खर्चाचा काही भागसुद्धा बँडच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतील त्याच्या वाट्यातून, वळता होतो. विक्री घटली की कागदोपत्री बँड कंपनीचा देणेकरी राहतो आणि देणेकऱ्यासाठी जाहिरातीवर आणखी पैसा घालायला कोणी उत्सुक नसते. एक्सटीसीचे कंपनीशी इतके बिनसले की १९९२ नंतर त्यांनी तिच्यासाठी नवे काही ध्वनिमुद्रित करायचेच नाकारले, आणि त्यांचा पुढचा अल्बम १९९९ साली त्यांच्या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली, आला. लोकप्रिय संगीतात सात वर्षांत श्रोत्यांची एक पिढी बदलते.

संधी आलीच नाही असेही नाही. 'डिअर गॉड' हे गाणे 'स्कायलार्किंग'मधून वगळून एका सिंगलच्या (एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला टाकले होते. अमेरिकेतील रेडिओ निवेदकांनी तबकडी उलटवून तेच वाजवायला सुरुवात केली, तेव्हा तेथील कंपनीने अल्बमची नवी आवृत्ती काढून एका गाण्याच्या जागी हे बसवले. दार उघडले होते, पण आत शिरायला बँड तेथे हजर नव्हता.

दौरा न करताही यश मिळते, असे कोणी म्हणेल आणि आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे उदाहरण देईल. त्यांनी १९९१ च्या 'आउट ऑफ टाइम'साठी दौरा केला नाही आणि तरीही तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, हे खरे आहे. परंतु त्याआधीचे जवळजवळ संपूर्ण दशक त्यांनी रस्त्यावर काढले होते आणि ती पुंजी त्यांना त्या वेळी वापरता आली.

सुरपेटी (प्रतिसाद)

वरील विवेचन पटते, तरी ते अपघाताने बाहेर पडलेल्या बँडांना लागू होते. काही बँड जाणूनबुजून बाहेर पडतात, आणि त्यांच्यात मला टॉक टॉक हा इंग्लिश बँड सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८६ चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकावर गेला आणि त्या यशामुळे कंपनीने पुढच्या अल्बमसाठी त्यांना हवा तेवढा वेळ आणि पैसा दिला. बँडचा गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी त्याचा उपयोग असा केला की लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत सुमारे वर्षभर, जवळजवळ अंधारात, एकामागून एक वादक बोलावून त्यांना उत्स्फूर्त वाजवायला लावले, त्यातले बहुतेक सगळे टाकून दिले आणि उरलेल्या तुकड्यांतून 'स्पिरिट ऑफ ईडन' रचला. सहा रचना, त्यांतील पहिल्या तीन एकमेकींत मिसळलेल्या, सिंगल म्हणून काढण्याजोगे सरळ काही नाही, आणि असे जोडलेले संगीत मंचावर वाजवणे शक्य नसल्याने दौराही नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये तो आला तेव्हा कंपनीच्या विक्री विभागाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करून मला थोडी करुणाच वाटते. प्रकरण न्यायालयात गेले, बँड करारातून सुटला, १९९१ मध्ये दुसऱ्या लेबलवर आणखी एक अल्बम आला आणि सारे संपले.

यातील एका गोष्टीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. बँड निघून गेल्यावर जुन्या कंपनीने १९९० मध्ये त्यांच्या जुन्या गाण्यांचा संग्रह काढला आणि तो ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे त्यांच्या कोणत्याही मूळ अल्बमपेक्षा वर. 'इट्स माय लाइफ' हे १९८४ चे गाणे तेव्हा पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पहिल्या खेपेपेक्षा बरेच वर चढले. पुढे २००३ मध्ये नो डाउट या बँडने ते गायले आणि जगभर पोहोचवले. लोक टॉक टॉकला विसरले, असे म्हणूनच म्हणता येत नाही. गाण्यांची प्रसिद्धी गाण्यांजवळच राहिली आणि बँड तिला तेथे सोडून पुढे गेला. त्यामुळे एकाच नावाचे दोन श्रोतृवर्ग तयार झाले, ज्यांना एकमेकांचे अल्बम सहसा माहीत नसतात.

शंकेखोर (प्रतिसाद)

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यांत कारण मागाहून शोधल्याचा वास येतो. शैली बदलली आणि सिंगल दिले नाही म्हणून श्रोते गेले, हा नियम असेल तर रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' हा अल्बम कोठे बसवायचा? ऑक्टोबर २००० मध्ये तो नेहमीसारखे सिंगल न काढता आला आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. आधीच्या अल्बमने त्यांना ज्या उंचीवर नेले होते तेथून टॉक टॉकने कधी उडी मारलीच नव्हती, एवढाच मला दिसणारा फरक.

निव्वळ वेळ चुकणे हेही कारण मानावे. झॉम्बीज हा बँड १९६७ च्या अखेरीस फुटला, त्याचा शेवटचा अल्बम १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पडला, आणि १९६९ च्या सुरुवातीला त्यातीलच 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. मागणी होती, गाणे होते, फक्त बँड नव्हता. म्हणून आयोजकांनी भलत्याच वादकांना त्या नावाने अमेरिकाभर फिरवले. त्या तोतयांपैकी दोघे पुढे झेडझेड टॉप या रॉक बँडमध्ये नावारूपाला आले, हे आणखी एक गमतीचे.

रसिकमन

सर्वांचे आभार. कारणांविषयी बरेच स्पष्ट झाले. उरलेल्या श्रोत्यांच्या कडवेपणाबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

तळटीप (प्रतिसाद)

त्यासाठी अमेरिकन गायक अ‍ॅलेक्स चिल्टनची वाटचाल पाहावी. १९६७ मध्ये, सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स या बँडचा गायक म्हणून त्याचे 'द लेटर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. पाच वर्षांनी मेम्फिसमध्ये बिग स्टार या बँडचा पहिला अल्बम निघाला. समीक्षकांनी वाखाणला, पण वितरणाच्या गोंधळामुळे तो दुकानांत मिळेना. गाणारा माणूस तोच होता, त्याच्यामागची वितरण यंत्रणा तेवढी या वेळी निकामी होती.

पण याच अडचणीने त्याचे श्रोते घडवले. रेडिओवरचे गाणे आपल्याकडे चालून येते. न मिळणारा अल्बम मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून शोधावा लागतो, कोणाकडून तरी कॅसेटवर उतरवून घ्यावा लागतो, आणि एवढे श्रम घेतलेला माणूस तो पुढच्याला ऐकवल्याशिवाय राहत नाही. कंपनीने न केलेला प्रचार असे श्रोते फुकट करतात, आणि त्यांच्यात संगीतकार जास्त असतात, कारण ऐकलेले गाणे कसे बांधले आहे हे उलगडून पाहण्याची सवय त्यांनाच असते. ऐंशीच्या दशकात आर.ई.एम. आणि रिप्लेसमेंट्स या बँडांनी बिग स्टारचे नाव सतत घेतले. रिप्लेसमेंट्सनी तर १९८७ मध्ये एका गाण्याला चिल्टनचेच नाव दिले. १९९३ मध्ये बिग स्टार पुन्हा मंचावर आला तेव्हा त्याला ऐकायला आलेल्यांत पहिल्या अल्बमच्या वेळी लहान मुले असलेले श्रोते कितीतरी असणार.

मात्र या वाटेला एक अट आहे: अल्बम कोठे ना कोठे शिल्लक असला पाहिजे. मास्टर टेपा (मूळ ध्वनिमुद्रणाच्या फिती) हरवल्या, हक्क कोणाकडे आहेत हे कळेनासे झाले किंवा पुनर्मुद्रण कोणाला परवडले नाही, तर तितकेच गुणी बँड नामशेष होतात आणि अशा चर्चेत त्यांचे नावही निघत नाही. श्री. शंकेखोर यांच्या आक्षेपाला मी हीच जोड देईन.

रसिकमन, आपण 'स्कायलार्किंग' कोणत्या आवृत्तीत ऐकता हे अवश्य पाहावे. मूळ ध्वनिमुद्रणात कोठेतरी ध्रुवता (विद्युत संकेताची धन-ऋण दिशा) उलटी जोडली गेली होती आणि त्यामुळे तो पातळ वाजत असे. ते लक्षात आल्यावर पार्ट्रिजने २०१० मध्ये आपल्या लेबलवर दुरुस्त आवृत्ती काढली. चोवीस वर्षांपूर्वीच्या आणि तेव्हा ब्रिटनमध्ये नव्वदाव्या क्रमांकापलीकडे न गेलेल्या अल्बमसाठी हा खटाटोप परवडला, कारण तो अल्बम आधीच घरात असलेले लोक पुन्हा विकत घेणार याची त्याला खात्री होती.